सात मिनिटांत गाडी बदलणारे

पल्लवीचे बाबा,

फ्रान्सले पोरीकडे गेल्यावर रेल्वेनं सहा गावं फिरायचा तुमचा कागद वाचला. दर ठिकाणी सात मिनिटांत गाडी बदलून राहिले तुमी. मागच्या महिन्यात सौसरले जाताना नागपुरात एकच गाडी बदलायची होती, तर कोणाले न विचारता मले इटारसीच्या गाडीत बसवलं, अन् संध्याकाळी आपण परत आपल्याच गावी, पांढुर्ण्याले उतरलो. तरी दर स्टेशनापुढं लिहून ठेवलं, 'चौकशी मी, बॅगा शोभा'.

मी बसनं सौसरले बहिणीकडे चालली. वरण शिजवून गंजात झाकून ठेवलं आहे, भात तुमचा तुमी लावा. फ्रान्सले येईन, पण पोरीच्या घरीच राहीन. गावं तुमी फिरा. कागदावर बॅगांपुढचं माझं नाव खोडून तुमचं लिहिलं आहे.

शोभा