बाबांचा पुरा शब्द

बो, २ डिसेंबर १९७८

चि. तोरलाइफ यास गुडवैगताईचे अनेक आशीर्वाद.

आपल्या या उत्तर टोकाला सूर्य परवा मावळला, तो आता जानेवारीतच उगवेल. बाबा अर्धांगाच्या झटक्यानंतर घरी आलेत, पण वाचा गेली. जन्मभर शाळेतल्या पोरांना टेबलावर थाप मारत शब्दांचे तुकडे पाडायला शिकवलं, आता स्वतःच तुकड्यांत अडकलेत. आपल्या भाषेतले कितीतरी शब्द दोन शब्द एकाला एक जोडून झालेले. बाबा 'मासे' म्हणतात, डाव्या हाताने थाप मारतात, आणि पुढे नुसते ओठ हलतात. मी 'सूप' म्हणून मोकळी होते. बोलायला शिकवणाऱ्या फ्रॉयडिसबाई चिडतात. म्हणतात, उरलेला अर्धा तुम्ही पुरवलात तर ते कशाला धडपडतील? अरे, पण चुलीवर दूध उतू जात असताना किती वाट बघायची? हल्ली ते सुरुवातही करत नाहीत. मला फार भीती वाटते.

तुझी ताई

रॉटरडॅम बंदर, १९ डिसेंबर

ती. ताईस तोरलाइफचा सा. न.

तू कुणाचं वाक्य कधी पुरं होऊ दिलं आहेस? त्या दर्यावर्दी हाल्वरने लग्नाचं विचारायच्या आधीच तू नाही म्हणून मोकळी! आता तरी तोंड मिटून बस.

चेष्टा पुरे. बाबांना एकटीने उचलून तुझी कंबर जाईल. शुश्रूषागृहात जागा मिळेल, त्यांना तिथे ठेव. जहाजावरून सल्ले देतो याची लाज वाटते, पण रागावू नकोस.

तुझा धाकटा

बो, २४ जानेवारी १९७९

चि. तोरलाइफ यास आशीर्वाद.

रागावले तर! आपल्या रीतीप्रमाणे तुझं पत्र बाबांपुढे मोठ्याने वाचलं आणि तुला यथेच्छ शिव्या घातल्या. ते गुमान ऐकत होते. तोंड मिटायचा सल्ला मात्र मानला.

काल फ्रॉयडिसबाईंसमोर बाबांनी थाप मारली. 'स्यूके', म्हणजे आजारी. पुढे काही येईना. त्यांना कुठे दुखतंय का, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं, तरी गप्प बसले. मग 'येम', घर. मग दोन्ही जोडून, एका दमात, स्यूकेयेम. शुश्रूषागृह. इतक्या महिन्यांतला पहिला पुरा शब्द, कुणाच्या मदतीवाचून. आणि बोट स्वतःच्या छातीकडे.

बाईंना आनंदाने रडू फुटलं. मी बाबांचे पाय धरले, इथेच राहा म्हटलं. त्यांनी तोच शब्द पुन्हा म्हटला, आणखी स्वच्छ. सोमवारी त्यांना न्यायला गाडी येते आहे. तुझं पत्र त्यांच्यापुढे वाचताना मला अक्कल कुठे होती रे!

शब्द म्हणून झाल्यावर ते माझ्याकडे बघत राहिले, पहिलीतल्या पोरासारखे. मी शाब्बास म्हणाले.

जिवाला जप, आणि बाबांना तिकडच्या पत्त्यावर निराळं पत्र टाकत जा.

तुझी ताई