दोन डाव्या बाह्या

३ फेब्रुवारी, सोमवार
दोन्ही बाह्या डाव्या! जन्म गेला शिवणकामात, आणि धाकट्या लेकीच्या कोटाला दोन डाव्या बाह्या कापल्या. दुसरी बाही कापताना कागदी नमुना उलटा ठेवायचा, हे शिकाऊ माणसालाही कळतं. दिवा मंद होता. त्यात बायकोची बडबड. "मी घरातच नव्हते," म्हणे.

४ फेब्रुवारी
डोकं खाल्लं तिने. "रोज संध्याकाळच्या दोन पेगांचं हे फळ!" अरे, तरुणपणापासून दोनच घेतोय! कधी झोक गेला? कधी आवाज चढला? दोन पेग, मग गपगुमान जेवण आणि झोप. दारुडे वेगळे, मी वेगळा.

५ फेब्रुवारी
चष्मेवाला म्हणतो, नंबर तोच आहे. त्याला काय कळतंय!

६ फेब्रुवारी
शेवटी बायकोने डॉक्टरकडे नेलंच. पोरगी माझ्या थोरलीच्या वयाची, आणि मला शिकवते! "काका, रोज थोडी थोडी घेतली तरी मेंदू झिजतो. उतारवयात तीच दारू जास्त बाधते. आत्ता सोडलीत तर काही सावरेलही." मेंदू म्हणजे काय चपलेचा तळ आहे झिजायला? वर तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. दोन धडाधड सांगितले. तिसरा तिने सांगितलाच नव्हता! बायको खिडकीबाहेर बघत बसली.

७ फेब्रुवारी
धाकटीचा फोन. "बाबा, सोमवारी रुजू व्हायचंय. विकतचा घेते ना कोट." विकतचा! थोरली पहिल्या दिवशी माझ्या हातचा कोट घालून कामावर गेली, आणि हिने दुकानातला घालायचा? फार लागलं मनाला.

बायकोला ठणकावून सांगितलं — एका बाहीपुरतं कापड उरलंय. उद्या सकाळी, ताज्या डोक्याने, उजवी बाही कापतो. जमली, तर पेगांबद्दल पुन्हा चकार शब्द काढायचा नाही.
"आणि चुकली तर?"
चुकते कशाला!

८ फेब्रुवारी, शनिवार
नमुना दोनदा तपासला. खडूने आखलं. सावकाश कापलं. मग सगळ्या बाह्या टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या आणि बायकोला ऐटीत हाक मारली. ती आली. बघत राहिली. माझ्या खांद्यावर हात ठेवला. तेव्हा मी नीट बघितलं.

तिन्ही डाव्या.