मुर्री ते चिचगड, फुल चार्ज

बुधवार, १ एप्रिल

गाडी मुर्रीला, आमच्या दारात आली. इलेक्ट्रिक. सेकंडहँड, नागपूरहून. आज एक एप्रिल आहे हे शाळेतल्या तिघांनी वेगवेगळं येऊन सांगितलं. हसलो नाही. कामठ्याच्या हायस्कुलात बावीस वर्षं क्लर्की केली आहे. कोणत्या तारखेला काय आणायचं ते मला कळतं.

आजपासून नोंदी ठेवणार. रोज. तारीख, किलोमीटर, तापमान. फुल चार्जला स्क्रीन दोनशे बारा किलोमीटर दाखवते.

अन्नपूर्णेने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि ही कायले आणली म्हणून विचारलं. मोटारसायकल होती, बस होती.  नव्या तंत्रज्ञानाला पहिला विरोध बायकोकडूनच होतो.

शुक्रवार, ३ एप्रिल

चार्जिंगचा प्रश्न सुटला. घरात मोठा प्लग एकच आहे, कूलरचा. तो काढून गाडीचा लावला. दोन्ही एकदम लावले की मेन पडते. अन्नपूर्णा म्हणाली, आम्ही घामानं मरू आणि गाडी थंडीत झोपंल. मी म्हटलं, आठवड्यातून दोनच रात्री. बाकीच्या पाच रात्री कूलर तिचा.

तापमान ३९. काल लिहायचं राहिलं.

रविवार, १२ एप्रिल. दुपारी

सर्व्हे सुरू केला. विषय: गोंदिया जिल्ह्यातील चालकांमध्ये लोकप्रिय इलेक्ट्रिक कार. असा अभ्यास इथे कोणी केलेला नाही. पूर्ण झाला की पेपरला पाठवणार.

बायपासच्या पंपावर चार्जिंग पॉइंट आहे, त्याच्यासमोर भैयाजींची चहाची टपरी. सकाळी आठपासून तिथेच बसलो. पाच तासांत: नेक्सॉन तीन, टियागो दोन, कॉमेट एक. एक विंडसर आली, पण ती बालाघाट पासिंगची. जिल्ह्याबाहेरची आहे, तरी मोजली. माझी एक. माझं मॉडेल कंपनीने बंद केलं आहे, त्यामुळे ते लोकप्रियमध्ये टाकावं की दुर्मिळमध्ये, हा प्रश्न आहे. लोकप्रियमध्ये टाकलं.

भैयाजींनी विचारलं, ई-रिक्षा गिने क्या? त्या एका तासात चाळीस गेल्या असतील. मी समजावलं की सर्व्हे कारचा आहे. ते म्हणाले, अच्छा. चहा पाच झाले. पित्त.

रविवार, १९ एप्रिल

तिरोड्यापर्यंत टेस्ट ट्रिप. एसी चालू. जाऊन-येऊन छप्पन किलोमीटर झाले, स्क्रीनवरचे चौऱ्याऐंशी कमी झाले. घरी येऊन विचार केला. निष्कर्ष: स्क्रीन जरा घाबरट आहे. हायवेवर एकदा वेग धरला की सुधारेल.

अन्नपूर्णेला छप्पनच सांगितले.

रविवार, २६ एप्रिल

बाईशी फोनवर बोललो. बाई म्हणजे माझी मोठी बहीण, प्रेमिला. चिचगडला एकटीच असते. भाऊजी जाऊन नऊ वर्षं झाली, मूलबाळ नाही. मी चार वर्षांचा असताना आई गेली. पुढचं सगळं बाईने केलं. शाळेत घातलं तेही तिनेच.

तिच्या डाव्या डोळ्याची नजर पूर्वीच गेली आहे. उजव्यात मोतीबिंदू पिकला आहे. गावातली आरोग्याचं काम बघणारी आशा सेविका दुर्गेश्वरी, तिने खटपट करून गोंदियाच्या हॉस्पिटलात ऑपरेशनची तारीख काढून दिली. गुरुवार, ७ मे, सकाळी दहा. दुर्गेश्वरी तिला बसने आणणार होती.

मी म्हटलं, बस कशाला, गाडी घेऊन मी येतो. बाई म्हणाली, एवढ्या दूर कायले येतं रे, बस दारातून जाते. मी ऐकलं नाही. दुर्गेश्वरीलाही फोन करून सांगितलं, तुम्ही त्रास घेऊ नका.  ती म्हणाली, तुमची मर्जी, दादा.

हिशेब सोपा आहे. चिचगड पंचाण्णव. येणं-जाणं एकशे नव्वद. वर बावीस शिल्लक.

रविवार, ३ मे

देवरीला चार्जर आहे, तिथे ॲप लागतं. ॲप घेतलं. ओटीपी अन्नपूर्णेच्या मोबाइलवर जातो, कारण माझ्या नावावरचं सिम तिच्या मोबाइलमध्ये आहे आणि तिच्या नावावरचं माझ्या. कधी काळी दुकानात अदलाबदल झाली, ती सरळ करायची राहिली आहे. ॲपवर माझ्या नावावरचा म्हणून तिचाच नंबर टाकला गेला. नंतर बदलू. तसंही चार्जर लागणारच नाही.

सर्व्हेला आज गेलो नाही. ऊन फार.

बुधवार, ६ मे. सकाळी सव्वासहा

बाईला आणायला निघतो आहे. आजच आणून ठेवायची, उद्या सकाळी आरामात हॉस्पिटल.

स्क्रीनवर एकशे अठ्ठावन्न आहे. रात्री फार उकडत होतं म्हणून दहा मिनिटांसाठी गाडीचा प्लग काढून कूलर लावला होता. आत्ता पाहिलं, कूलरच चालू आहे. यात दोष हवामानाचा. एसी लावायचा नाही, म्हणजे पुरेल. अन्नपूर्णेने विचारलं, फुल हाये ना? मी मान हलवली. ही मान नेमकी कोणत्या दिशेने हलवली ते तिने बघितलं नसावं.

तोच दिवस. संध्याकाळी, चिचगड

पोचलो. जपून चालवत आलो, दुपारचे बारा वाजले. एसी नाही, काचा उघड्या, बेचाळीस डिग्री. शर्ट दोनदा पिळला. स्क्रीनवर चौदा.

बाईच्या घरच्या प्लगमध्ये वायर लावली. व्होल्टेज इतकं कमी आहे की पंखा फिरतो की वाऱ्याने हलतो ते कळत नाही. स्क्रीन म्हणते, फुल व्हायला एकाहत्तर तास.

बाई सकाळपासून नवं लुगडं नेसून, पिशवी मांडीवर घेऊन तयार बसली होती. गाडी तिने हाताने चाचपली. दरवाजा, काच, पुन्हा दरवाजा. मऊ हाये, म्हणाली. मग सीटवर जाऊन बसली. मी सांगितलं, अजून तासभर. चार वाजता पुन्हा तेच सांगितलं. सहा वाजता ती उतरली आणि चूल पेटवायला गेली.

अन्नपूर्णेला फोन केला, बाईची इच्छा आहे की आज इथेच मुक्काम करावा.

गुरुवार, ७ मे. दुपार, देवरी

लिहावंसं वाटत नाही. पण नोंद ठेवायची ठरलं होतं.

काल सातला वादळ आलं आणि लाइन गेली. पहाटे आली, तेव्हा स्क्रीनवर तेहेतीस. देवरी पंचवीस. देवरीला चार्जरवर चाळीस मिनिटं थांबायचं, दहाच्या आत गोंदिया. बाई म्हणाली, सहाची बस हाये, मी बसनं जातो, तू माघून ये. मी म्हटलं, बाई, गाडी दारात असताना बसने जाशील तर लोक काय म्हणतील. कोणते लोक, हे तिने विचारलं नाही. गाडीत बसली.

पावणेसहाला निघालो. तीसच्या वर वेग नेला नाही. जंगलातल्या चढावर आकडे भराभर उतरायला लागले. देवरी चार किलोमीटरवर असताना गाडी थांबली. आवाज आधीही नव्हता, त्यामुळे बंद पडली हे बाईला लगेच कळलं नाही. आलं का देवरी, असं तिने विचारलं.

मी सांगितलं. बाई उतरायला लागली. दरवाज्याची कडी सापडेना, मी उघडून दिली. रस्त्याच्या कडेला पिशवी घेऊन उभी राहिली, ज्या बाजूने बस येणार त्या बाजूला तोंड करून. बस दिसणार नव्हतीच तिला. ऐकत होती.

वीस मिनिटांनी बस आली. हात केला, थांबली. आत पुढच्या सीटवर दुर्गेश्वरी. तिला मी येऊ नका म्हणून सांगितलं होतं, तरी आलेली. हातात हॉस्पिटलची फाइल. ती उतरली, बाईचा हात धरला. माझ्याकडे पाहिलं नाही. बाईने पायरीवर पाय ठेवला आणि मागे वळून विचारलं, "मनिराम, तू येऊन राहिला का?"

कंडक्टर थांबला होता. मी म्हटलं, गाडी अशी रस्त्यात टाकून कशी येऊ.

"बरं," बाई म्हणाली.

बस गेली. हे खरं आहे की गाडी रस्त्यात टाकता येत नव्हती. किल्ली लावून टाकता आली असती, हे बस दिसेनाशी झाल्यावर सुचलं.

मग एका ट्रॅक्टरवाल्याने टोचन करून देवरीच्या राईस मिलपर्यंत आणली. आता मिलच्या शेडमध्ये आहे. पुढच्या चाकातून जळका वास येतो, त्यामुळे चार्जरपर्यंतही नेता येत नाही. मॅन्युअल तिथेच बसून वाचलं. पान चाळीस: ही गाडी चाकं जमिनीवर ठेवून ओढू नये.

शुक्रवार, ८ मे

काल गोंदियाला पोचलो तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. ऑपरेशन झालं होतं. फॉर्मवर नातेवाइकाची सही अन्नपूर्णेने केली. दुर्गेश्वरी पाचच्या बसने परत गेली, भेट झाली नाही.

 अन्नपूर्णेपाशी मी दोन-तीनदा विषय काढला, की वादळ नसतं तर, व्होल्टेज असतं तर. ती म्हणाली, जेवून घ्या.

आज बाईची पट्टी काढली. डॉक्टरांनी बोटं मोजायला लावली. बाईने बरोबर मोजली. मग माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, केवढा पांढरा झाला रे तू.

रविवार, १० मे

नागपूरचा माणूस पुढच्या आठवड्यात देवरीला येऊन गाडी बघणार. त्याचा पुढचा आठवडा कधी येतो ते बघायचं. सर्व्हे पूर्ण करायचा होता, पण बायपासवर जायला वाहन नाही, मोटारसायकल गाडीच्या पैशांसाठी विकली होती. भैयाजींनी फोनवर विचारलं, अपनी वाली दिखी नहीं. सर्व्हिसिंगला दिली, म्हटलं.

रात्री कूलर रोज चालतो. झोप मात्र लागत नाही.

शुक्रवार, १५ मे

बाईला पोचवायला निघालो. बसने. बाईला खिडकी दिली. डोळ्यावर काळा चष्मा, त्याच्याआडून ती सारखी बाहेर बघत होती. झाडं, पाट्या, उभे ट्रक, सगळं वाचल्यासारखं. मी शेजारी बसून होतो.  एका स्टॉपवर तिने मला केळी घेऊन दिली, लहानपणी द्यायची तशी, सोलून.

देवरी आली. राईस मिल रस्त्याला लागूनच आहे. मी मुद्दाम दुसऱ्या बाजूला बघितलं.

"ते तुझी गाडी होय का?" बाईने विचारलं. "बारदाने वाळू घातले हायेत तिच्यावर."

मी म्हटलं, नाही, दुसऱ्या कोणाची असेल. माझी नागपूरला आहे.

बाई मिल मागे पडेपर्यंत बघत राहिली. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुझीच हाये," म्हणाली. "आता दिसते मले."

 बस चिचगडला वेळेवर पोचली.