शिंक आली की उठायचं

॥ श्री धावीर महाराज प्रसन्न ॥

मु. अष्टमी, रोहा
ता. १८ जून २०२५

चि. सौ. किमया हिस,
सासूचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

इकडे सगळे ठीक. हे पत्र प्रणितच्या हाती देत आहे. डोलवीची शिफ्ट सुटली की तो पेणला तुमच्याकडे येईलच. पाकीट विजेच्या बिलाचं उलटून केलं आहे आणि भाताच्या शितांनी चिकटवलं आहे, हसू नकोस. फोनवरच बोलले असते, पण आपल्या घरचा फोन म्हणजे आकाशवाणी. तुझे सासरे स्पीकर लावतात आणि शेजारची नम्रता खिडकीतून उत्तर देते.

छकुलीला तीन महिने होऊन गेले. तू आधी म्हणालीस ऊन फार आहे, मग म्हणालीस पाऊस लागला. परवा प्रणित रिक्षा घेऊन आला तर तू म्हणे खोलीचं दार आतून लावून घेतलंस. तो अर्धा तास ओटीवर बसला आणि रिकामी रिक्षा घेऊन परत आला. ऐकून मला धक्काच बसला. नवऱ्याच्या तोंडावर दार लावणारी मुलगी तू नव्हेस. काय झालं आहे?

यंदा गौरीचा मान तुझा आहे, विसरलीस का? पहिलं मूल झालेली सून पहिल्या रांगेत बसते आणि पहिलं सूप तीच ओवाळते, ही आपल्या आळीची रीत. आपल्या बायकांचं वळणही तुला ठाऊक आहे. पूजेत शिंक म्हणजे अपशकुन. पण कुणाला सांगावं लागत नाही. जिला शिंक येते ती आपण होऊन उठते, मागच्या दाराने जाते, हातपाय धुऊन पातळसुद्धा बदलून येते. हौसावहिनी तर एका पूजेत दोनदा उठतात, वय झालं तरी कंटाळा नाही. एवढं सोवळं आता कोण पाळतं? अशा बायकांत बसायचा मान आहे हा.

कधी येतेस ते कळव. माया आहेच, नातीला बघितलं की तिला ऊत येईल.

तुझी सासू,
इंदुबाई


पेण
ता. २३ जून २०२५

ती. स्व. सौ. आईंच्या चरणी,
किमयाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. छकुली आता पालथी पडायला बघते आणि जमलं नाही की आमच्यावर रागावते. बाबांची मिठागरं पाण्याखाली गेली, त्यामुळे ते घरातच असतात आणि दिवसभर नातीला मांडीवर घेऊन भाषणं ठोकतात.

आई, यंदाचा मान नम्रताताईंना दिला तर चालेल का? त्यांचं मूल दोन वर्षांचं झालं, पण त्या वर्षी त्यांच्याकडे सुतक होतं, त्यांचा राहूनच गेला होता. मला अजून अशक्तपणा आहे. गौरी होऊन जाऊ देत, मग बघू. यांच्यावर रागावू नका. चूक त्यांची नाही.

मनात मला जागा असू द्यावी, ही विनंती.

आपली,
किमया


अष्टमी
ता. १ जुलै २०२५

चि. सौ. किमया हिस,
आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून माझ्या हातातली वात खाली पडली. मान म्हणजे काय भाजीची जुडी आहे, उरली म्हणून शेजारणीला द्यायला? आणि अशक्तपणा असता तर तू म्हणाली असतीस की आई, डिंकाचे लाडू पाठवा. लाडू मागितले नाहीस म्हणजे दुखणं वेगळं आहे.

मी मॅट्रिक झालेली बाई, फार शिकले नाही, पण घरातलं माणूस हातचं सुटायला लागलं की कळतं. तेव्हा स्पष्ट विचारते. तुला वेगळं राहायचं आहे का? सीताबाई विहीणबाईंनी तसं मनात भरवलं आहे का? असेल तर सांग. भांडी मी माझ्या हाताने वाटून देईन, जाड बुडाची पातेलीसुद्धा देईन. पण माझ्या मुलाला ओटीवर बसवून ठेवू नकोस. आठवडा झाला, तो पानावरून अर्धा उठतो. मी देवापुढे बसते आणि जप कुठवर आला तेच विसरते.

खरं लिही. कडू असलं तरी चालेल.

इंदुबाई


पेण
ता. ७ जुलै २०२५

ती. स्व. सौ. आईंच्या चरणी,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्ही एकट्याच वाचा. यांनाही मी अजून सांगितलेलं नाही.

आई, मला लघवी धरवत नाही. खोकला आला, शिंक आली, हसू आलं, छकुलीला पटकन उचललं, की कपडे ओले होतात. फार वेळ कळा दिल्या होत्या, शेवटी छकुलीला चिमटा लावून काढलं, तुम्ही होताच. तेव्हापासून हे असंच आहे. त्या दिवशी हे रिक्षा घेऊन आले आणि दारातूनच म्हणाले, की राणीसाहेबांचा रथ आला आहे, घोडा तेवढा खोकतोय. मी खळखळून हसले आणि तिथेच झालं. दार लावलं ते साडी बदलायला. मग रडू आलं आणि दार उघडवेना.

माझ्या आईने आधी पोटाला पट्टा आणखी घट्ट बांधला, तिला वाटलं त्याने सावरेल. मी मोबाइलवर बघून व्यायाम सुरू केला, तोही उलटा केला. श्वास कोंडून खाली जोर देत राहिले आणि जास्तच बिघडलं. आता इथे एक फिजिओथेरपीच्या ताई मिळाल्या आहेत. त्या म्हणाल्या, की कमरेच्या आत, अगदी तळाशी, झोळीसारखे स्नायू असतात. लघवीची पिशवी त्यांच्यावर टेकलेली असते. बाळंतपणात झोळी ताणली जाते. लघवी आणि वारा दोन्ही अडवतो तसं आवळायचं, आत वर ओढायचं, थोडं धरायचं, मग पुरतं सोडायचं. श्वास मात्र चालू ठेवायचा. पट्टा त्यांनी सोडायला लावला. बहुतेकींना फरक पडतो म्हणाल्या, पण काही महिने लागतील.

तोवर मी तुमच्या पहिल्या रांगेत कशी बसू? शिंक आली तर उठून जाता येईल, पण उठेपर्यंतच झालं तर? सोवळ्यावर डाग दिसला तर? किमयाने गौर बाटवली, असं आळीभर होईल. तुमच्या देवघरात पाय न धुता कुणी डोकावलेलं तुम्हाला चालत नाही, हे मी दोन वर्षं पाहिलं आहे.

वेगळं राहायचं माझ्या मनातही नाही. माझ्या आईने काही भरवलेलं नाही. तुम्ही मला घरात घ्याल, हे मला माहीत आहे. देवघरात घ्याल का, एवढंच सांगा. नाही असेल तर पुरी बरी होईपर्यंत मी इथेच राहते.

रागावलात तरी आपली म्हणा.

किमया


अष्टमी
ता. २० जुलै २०२५

चि. सौ. किमया हिस,
अनेक, अनेक आशीर्वाद. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. खरं सांगते, पत्र वाचलं आणि मी आधी हात धुतले. असलं कुणी सासूला लिहितं का, असंच मनात आलं. पत्र लपवायला तांदळाच्या डब्यात घातलं. मग आठवलं, की त्याच तांदळाचा नैवेद्य होतो, म्हणून काढून साखरेत घातलं. मुंग्या लागल्या. दोन दिवस मी घरात कुणाशी धड बोलले नाही. सासरे विचारत होते, की पेणहून काही वाईट बातमी आहे का. काय सांगणार!

मंगळवारी भजनाला बायका आपल्याकडे जमल्या. तुझं नाव न घेता मी विचारलं, की एका ओळखीच्या बाळंतिणीला असं असं होतं, कुणी ऐकलं आहे का. टाळ थांबले. कुणी वर बघेना. मला वाटलं, मी भजनात भलतंच बोलले, आता सगळ्या उठून जाणार. आणि हौसावहिनी हसायला लागल्या. हसता हसताच उठल्या, मागच्या दाराने गेल्या आणि पातळ बदलून आल्या. तेव्हाही मला कळलं नाही, बघ! मी म्हणाले, अहो, शिंक कुठे आली तुम्हाला? तर त्या म्हणाल्या, इंदू गो, तुला खरंच वाटत व्हतं का आम्ही अपशकुनापायी उठतो? शिंकेचं नाव हाय, काम वेगलंच हाय.

किमया, मी हातातले टाळ खाली ठेवले. इतकी वर्षं मी ज्या सोवळ्याचं कौतुक गावभर सांगत आले, ते हे होतं. ही रीत होती म्हणून त्यांना चारचौघींत येता येत होतं. नाहीतर घरीच बसल्या असत्या. मग एकेकीचं निघालं. हौसावहिनींनी निडीला भावाकडे जायचं सोडलं, कारण गाडीत मध्येच उठून जाणार कुठे. मी समजत होते भावाशी भांडण आहे. एकीने कालव्यावर धुणं न्यायचं सोडलं. आणि आपली नम्रता, तुझ्याहून चारच वर्षांनी मोठी, पदर तोंडावर घेऊन रडली. तिने नवऱ्याला सांगितलेलं नाही, आईलाही नाही. प्रत्येकीला वाटत होतं, की आपणच तेवढ्या अशा. मी म्हटलं, मला कधी कुणी बोललं कसं नाही? तर हौसावहिनी म्हणाल्या, की तुझा प्रणित पोट कापून काढलेला, तुला नाय झालं तर नशीब तुझं, पण तुझ्या सोवळ्यापुढं बोलायचं कुणी?

ते मला लागलं. रात्रभर टोचत राहिलं.

सकाळी पूजेला बसले तेव्हा प्रणित लहान होता तेव्हाची गोष्ट आठवली. नैवेद्य दाखवताना तो माझ्या मांडीवर होता आणि त्याने धार सोडली. माझी सासू केवढी कडक! पण ती हसली. मी पातळ बदललं आणि पूजा पुढे झाली. देव बाटला असं कुणी म्हटलं नाही. बाळाचं चालतं, मग त्याच बाळापायी आईची झोळी ताणली गेली तर तिचं का चालू नये? मी भटजींना विचारणार होते. मग म्हटलं, त्यांना काय कळणार, ते कुठे बाळंत झालेत!

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर. देवघरात घेईन. पहिल्या रांगेत घेईन. डाग पडला तर बदलायला माझी जुनी सुती पातळं फाडून घड्या करून ठेवल्या आहेत, मागच्या खोलीत, दोरीवर साडीही असेल. मान नम्रताला द्यायचा असेल तर तिलाही दे, दोघी बसा, पण तू ये. प्रणितला तूच सांग. तो दाराबाहेर बसलेला बरा नाही, आत आलेला बरा.

आणि त्या ताईंना विचार, आळीतल्या बायकांना बघतील का. पाच-सहा जणी तयार आहेत. एसटीने येऊ, डबा बरोबर आणू. वहीत हा खर्च कुठल्या सदरात मांडू ते कळत नव्हतं. गौरीखर्चात मांडला.

वाट बघते. लोभ नेहमीचाच, पण आता जरा शहाणा झालेला.

तुझी सासू,
इंदुबाई


पेण
ता. २५ जुलै २०२५

ती. स्व. सौ. आईंच्या चरणी,
शि. सा. न. वि. वि.

पत्र चारदा वाचलं. मुंग्यांचं वाचून हसले, साडी बदलली आणि परत वाचलं. यांना सांगितलं. ते म्हणाले, की घोड्याचा विनोद आता कायमचा बंद. मी म्हटलं, बंद नको, फक्त आधी कळवत जा.

ताई बुधवारी बघतील म्हणाल्या. प्रत्येकीला तपासूनच सांगतील, कारण सगळ्यांचं एकसारखं नसतं. एक युक्ती आत्ताच हौसाकाकूंना सांगा. शिंक येतेय असं कळलं की आधी आवळायचं, मग शिंकायचं. मला दहात सहा-सात वेळा जमतं.

यायचा दिवस ठरवते. आपलीच आहे, आता विनंती करत नाही.

किमया


अष्टमी
ता. ४ सप्टेंबर २०२५

सौ. सीताबाई विहीणबाईंस,
इंदुबाईचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

परवा गौरी पोचवल्या, आज सवड झाली. प्रणितबरोबर पातोळ्या आणि तुमचं पातेलं पाठवत आहे. पट्टा घट्ट बांधल्याचं मनाला लावून घेऊ नका. मीही तेच केलं असतं, कदाचित अजून एक गाठ मारली असती.

तुमच्या लेकीला व्यायामाच्या ताई चांगल्या भेटल्या. सहा जणी जाऊन आल्या. आता दुपारी ओसरीवर तांदूळ निवडत बसतात आणि मधेच सगळ्या एकदम गप्प होतात. किमयाच्या सासऱ्यांना वाटतं भांडण झालं. नम्रताला अजून फरक नाही, तिला ताईंनी बायकांच्या डॉक्टरांकडे दाखवायला सांगितलं आहे. तिच्याबरोबर मी जाणार आहे.

पूजेचं सांगते, त्यासाठीच पत्र लिहायला घेतलं. पहिल्या रांगेत किमया आणि नम्रता, हातात सुपं, मागे आम्ही. किमयाने सूप उचललं, सगळं शांत, आणि मागून हौसावहिनींना शिंक आली. अशी मोठी, की निरांजन फडफडलं. माझी मान सवयीने मागच्या दाराकडे वळली. सगळ्यांच्याच वळल्या. दाराकडे कुणी गेलंच नाही. हौसावहिनी जागच्या जागी ताठ बसलेल्या, डोळे मिटलेले. मग एक डोळा उघडला आणि म्हणाल्या, की काय बघताव गो, नाय झालं!

किमयाला हसू फुटलं. तिच्यामागून सगळ्या हसल्या, अगदी गौरीसमोर. मी तोंडावर हात ठेवला, पण तोही हलत होता. हसता हसता किमया थांबली आणि तिने माझ्याकडे बघितलं. मला कळलं. ती उठली, सूप माझ्या हातात दिलं आणि सगळ्यांच्या देखत मागच्या खोलीत गेली. शिंकेचं नाव सांगितलं नाही.

मी सूप धरून उभी राहिले. पूजा थांबली. गौर तिथेच होती, तिला कुठे जायचं होतं? साडी बदलून किमया आली, माझ्या हातातलं सूप घेतलं आणि ओवाळलं.

पुढच्या वेळी तुम्हीही या. बसायला जागा पहिल्या रांगेत, मागचं दार उघडंच आहे.

तुमची विहीण,
इंदुबाई