हसबंड या शब्दाची सोपी व्याख्या

१७ जून १९९६, मल्लेश्वरम
पुणं सोडून वर्ष झालं. आयुष्याला वळण हवं. घरमालक गुंडूरावांच्या नातीला, दुसरीतल्या निधीला, आजपासून इंग्रजी शिकवणार. शाळेत रोज तीन शब्दांचे अर्थ सोप्या भाषेत लिहून न्यायचे असतात. फी घेणार नाही. निधीची आत्या अनुषा तिथेच बसून तांदूळ निवडते, हे कारण नाही. असलंच तर थोडं.

१९ जून
चेअर : चार पायांचं फर्निचर. निधी म्हणाली, टेबललाही चार पाय असतात. मुलगी हट्टी आहे. अनुषा माझ्याकडे बघून हसली. लक्षण चांगलं.

२ जुलै
अनुषा मला अण्णा म्हणू लागली! अण्णा, स्वल्प कॉफी घ्या, म्हणाली. आमच्या आजोबांना सगळे अण्णा म्हणत. घरात त्यांचा शब्द शेवटचा. म्हणजे ती मला आत्ताच घरचा कर्ता मानते. जरा घाई होतेय, पण माझी हरकत नाही.

१४ ऑगस्ट
यादीत नसताना हसबंड हा शब्द घातला. अर्थ : ग्रॅज्युएट, निर्व्यसनी, स्वतःची स्कूटर. निधीने मोठ्यांदा वाचला. गुंडूराव म्हणाले, अगदी बरोबर, अनुषासाठी असाच बघतोय. दसऱ्याला विचारायचं नक्की.

२२ ऑक्टोबर
दसऱ्याला राहिलं. शर्टाला इस्त्री नव्हती. दिवाळीला नक्की.

१२ नोव्हेंबर
दिवाळीला पाहुणे फार होते. आज यादीत ब्रदर. निधीने मला न विचारताच लिहिलं : ब्रदर म्हणजे अण्णा. उदाहरण : विद्याधर अंकल माझ्या आत्याचे ब्रदर आहेत. चूक शोधली, सापडली नाही. अनुषाने वाचलं आणि सरी म्हणाली, म्हणजे बरोबर, ठीक. ऑफिसातल्या पवनकुमारला फोन केला. कन्नडमध्ये अण्णा म्हणजे थोरला भाऊच. पाच महिन्यांत मला कुणी सांगितलं नाही.

१६ नोव्हेंबर
गुंडूराव वर आले. अनुषाचं जमलं. मुलगा जयनगरचा. ग्रॅज्युएट, निर्व्यसनी. स्कूटर नाही, मारुती आहे. निधीच्या वडिलांना मस्कतहून रजा मिळत नाही, तेव्हा लग्नात कानपिळीला नवऱ्यामुलाचा कान भाऊ म्हणून तुम्हीच पिळायचा, म्हणाले. ठाम नकार द्यायचं ठरवलं. तोंडातून सरी निघालं.

५ डिसेंबर
कान पिळला. भटजी तीनदा पुरे म्हणाले. मानाचा शर्टपीस मिळाला. निघताना अनुषा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. जूनपासून मला एवढंच हवं होतं. मग मीही रडलो, हुंदके देऊन. लोक म्हणाले, भाऊ असावा तर असा.