वरच्या खोलीचा ताबा

अल्लाचे नाव घेऊन, कोणाच्याही दडपणाशिवाय, मात्र बऱ्याच जणांच्या कटकटीला कंटाळून, मी, बोळाच्या टोकाचा रंगारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. मागच्या तापातून मी पुरता उठलो आहे आणि तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला दिवसाढवळ्या स्वप्ने पडतात हे त्या दाखल्यात नाही. ते मी इथे नमूद करतो, म्हणजे उद्या कोणी मला वेडा ठरवायला निघाला तर त्याला नवे काही सापडायला नको.

कलम पहिले. मला कोऱ्या कापडात पुरावे. जन्मभर लोकांचे कपडे रंगवले, स्वतःच्या कफनाला रंग नको. पांढरे आणखी पांढरे दिसावे म्हणून नीळ घालायची धाकट्या मुलाला हौस आहे, ती त्याने आवरावी. आधी दफनाचा खर्च, मग देणी, मग मृत्युपत्र, मग वारस. हा क्रम शरियतचा आहे, माझा नाही. त्यावर हुज्जत घालू नये.

कलम दुसरे. वारस दोन, धाकटा मुलगा आणि मुलगी. मुलगा भूमापन कचेरीत आहे आणि दिसेल ते मोजत सुटतो, म्हणून घरात त्याला मोजपट्टी म्हणतात. त्याला दोन वाटे, मुलीला एक. भावाने बहिणीला सांभाळायचे असते म्हणून त्याला दुप्पट, असे मौलवीसाहेबांनी मला समजावले. मी म्हटले, "आमच्याकडे बहिणीने शिवणयंत्र चालवून भावाला शिकवलं, त्याचं काय?" त्यांनी दाढीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "ते तुमच्या मुलाला विचारा." म्हणून विचारतो. वारसाला मृत्युपत्राने जास्तीचे देता येत नाही. माझ्या मागे बाकीच्या वारसांनी राजीखुशीने हो म्हटले तरच ते चालते. मोजपट्टी, बहिणीला तुझ्याइतकेच मिळावे अशी माझी इच्छा आहे. तू हो म्हणशील तेव्हा मी ऐकायला नसेन, तरी जरा मोठ्याने म्हण.

कलम तिसरे. रंगाचे रांजण, कढया आणि ढवळायचे दांडे नातीला. ही माझ्या थोरल्या मुलाची मुलगी. आईबाप दोघेही गेले तेव्हा ती रांजणाच्या काठाएवढी होती. एका जागी ठरत नाही म्हणून तिला पाकोळी म्हणतो, पण रंगाच्या कामाला बसली की तासन्‌तास हलत नाही. आज रंगकाम तीच करते आणि मी नुसता शेजारी बसून चुका काढतो. तांब्याचे मोठे घंगाळ शेजारच्या शिंप्याकडे आहे. ते त्याने मुलीच्या लग्नासाठी नेले होते, आणि त्या मुलीची मुले आता शाळेत जातात. घंगाळ मी त्याला माफ करतो. त्यातून अंघोळ करताना त्याने माझी आठवण काढावी.

कलम चौथे. वरची खोली आणि तिच्यापुढची गच्ची पाकोळीला द्यावी.

या कलमासाठीच मी लिहायला बसलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो. ओले कापड वाळवायला जागा नसेल तर खालचे रांजण पाणी भरून ठेवायच्याच कामाचे. गच्ची गेली तर पाकोळीचे छप्परही गेले आणि धंदाही गेला. एक मुलगा जिवंत असताना मेलेल्या मुलाच्या मुलीला वारसा मिळत नाही. काही मुलखांत म्हणे आता कायदा करून अशा नातवंडांना बापाचा वाटा देतात. आमच्याकडे ते वारे अजून आलेले नाही. मृत्युपत्राने मला फार तर मालमत्तेचा तिसरा हिस्सा परक्याला देता येतो, आणि माझी नात, जी माझ्या मांडीवर वाढली, ती या कामापुरती परकी आहे. हे लिहिताना मला राग येतो, तो मी खोडणार नाही.

मी याच वरच्या खोलीत तापात पडलो होतो तेव्हा टेप ओढल्याचा करकर आवाज ऐकला. डोळे उघडले तर मोजपट्टी माझ्या खाटेखाली रांगत होता.

"अब्बा, ही खोली आणि गच्ची मिळून तिसऱ्या हिश्शाच्या वर जाते," तो म्हणाला. "जास्तीच्या भागाला आम्हा वारसांची संमती लागेल. कायदा काय मी केलाय? भाई असता तर गोष्ट वेगळी होती."

"भाई असता तर तू टेप आणली नसतीस," मी म्हणालो.

तो दुष्ट नाही. त्याची चार माणसे एका खोलीत झोपतात, आणि गच्चीकडे बघताना त्याला तिथे भिंती दिसतात. मला तिथे वेगळेच दिसते. दुपारी दोऱ्यांवर हिरवी, जांभळी कापडे हलत असतात आणि त्यांच्या खालून थोरल्याची पावले चालताना दिसतात. कापड बाजूला सारले की कोणी नसते. कालही तसेच झाले. मग पलीकडच्या केशरी कापडाआडून माझ्या गेलेल्या बायकोचा आवाज आला, "अहो, खोली पोरीला दिलीत ना? मग तुमच्या चपला अजून आत कशा?"

तिचे म्हणणे खरे होते. ही खोली मी पाकोळीला एकदा देऊन चुकलो आहे. जिवंतपणी बक्षीस द्यायला, म्हणजे हिबा करायला, तिसऱ्या हिश्शाची अट नसते. शिंप्यासमोर आणि बोळातल्या चष्मेवाल्यासमोर मी "दिली" म्हटले, तिने "घेतली" म्हटले, सगळ्यांनी चहा घेतला. मग किल्ली मी नेहमीच्या खिळ्याला अडकवली आणि याच खाटेवर येऊन झोपलो.

आज सकाळी हे मृत्युपत्र तपासायला वकीलबाई आल्या. इथवर लिहिलेले त्यांनी वाचले आणि चष्मा काढला.

"काका, याला हिबा म्हणत नाहीत. देणाऱ्याने ताबा सोडावा लागतो. सामानासकट बाहेर पडायचं, किल्ली तिच्या हातात द्यायची."

"मग मी राहू कुठे? माझी बायको याच खोलीत गेली."

"नंतर तिने बोलावलं तर या की परत. पण आधी बाहेर. आणि हे धडधाकट आहात तोवरच करा. मरणाच्या आजारात दिलेलं बक्षीस पुन्हा तिसऱ्या हिश्शातच अडकतं."

मी लेखणी ठेवली. दोन्ही साक्षीदारांना बोलावले. नमाज पढायचे जानमाज, पाण्याचा तांब्या, बायकोची फणी, चपला, सगळे खाली नेले. खाट दोघांनी उचलली. गादी तेवढी माझ्याच्याने उचलेना. तेवढ्यात मोजपट्टी आला. "या वयात कशाला ओझी उचलता?" असे ओरडून त्याने गादी माझ्या हातातून घेतली आणि जिना उतरून खाली ठेवली. मग मी किल्ली पाकोळीच्या हातात दिली. तिने दार आतून लावले. मी जिन्यात उभा राहिलो. या घरात जन्मलो, पण ते दार आतून लावलेले मी बाहेरून कधी पाहिले नव्हते.

वकीलबाईंनी मोजपट्टीला सांगितले की ताबा पुरा झाला, शेवटचे सामान त्यानेच बाहेर काढले. तो पायरीवर बसला. त्याने खिशातली टेप काढली, पुन्हा आत ठेवली.

मी वर जाऊन दार वाजवले.

"कोण?"

"रंगारी."

"कुठले?"

"जुने."

"या आजोबा. चपला बाहेर काढा."

आत उजेड होता आणि खोली मोठी वाटत होती. मी जमिनीवर बसलो. थोड्या वेळाने जिन्यात धापा ऐकू आल्या. मोजपट्टी गादी डोक्यावर घेऊन उंबऱ्याबाहेर उभा होता. आजवर कुठल्याही खोलीत शिरताना त्याने कोणाला विचारलेले नाही.

"पाकोळी," तो म्हणाला, "अब्बांची गादी इथे ठेवू का गं?"

तिने भिंतीकडची जागा दाखवली.

सबब कलम चौथे मी रद्द करतो. जे माझे नाही ते मला मृत्युपत्राने देता येत नाही. बाकी सर्व कलमे कायम.

लिहून देणार: रंगारी, सध्या पाहुणा.
साक्षीदार पहिला: चष्मेवाला. सर्व समक्ष पाहिले.
साक्षीदार दुसरा: शिंपी. सर्व समक्ष पाहिले. घंगाळ उद्या आणून देतो.
ठिकाण: नातीची खोली, तिच्या परवानगीने.
तारीख: ताबा दिला तीच.