दगडाला पाठ लावून

प्रिय दादा,

तुझा फोन मी मुद्दाम उचलला नाही. फोनवर तू मला गोड बोलून गुंडाळतोस. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येत नाही, तेव्हा आता गुपचूप वाच.

उत्खननवाल्या बाई परवा पुन्हा येऊन गेल्या. बाई चांगल्या आहेत, चहाही घेतला. म्हणाल्या, हे दगडांचं रिंगण हजारो वर्षांपूर्वीचं, तुमचं घर त्याच्या मध्ये येतंय. मला हसूच आलं. रस्ता झाला तेव्हा लोकांनी इथले दगड फोडून खडी केली, उरलेले गिरणीच्या पायात गेले. आपल्या आजोबांनी मात्र, गवंडी असून, घण उचलला नाही. उभा दगड होता तिथेच ठेवून दोन्ही बाजूंनी भिंत घातली. म्हणून आपल्या स्वयंपाकघरातला तेवढा वाचला. आणि आता तो मोकळा करायला म्हणे घर पाडायचं!

बदल्यात फ्लॅट देतायत, तेही एक वेळ सोड. पण दगडावरचे अलीकडचे ओरखडे घासून काढणार आहेत. ओरखडे म्हणे! आई दर वाढदिवसाला आपल्याला त्या दगडाला पाठ लावून उभं करायची आणि डोक्यापाशी खिळ्याने रेघ मारायची, ते. मी तुझ्या वर गेले तेव्हा तू रुसून जेवला नव्हतास, आणि मला उंटीण म्हणायला लागलास. धाकटीच्या मात्र चारच रेघा. पाचवीला ती राहिली नाही. तिचा एक फोटोसुद्धा नाही रे आपल्याकडे. भांडी घासता घासता अजून माझा हात तिथे जातो.

जाता जाता बाई म्हणाल्या, तुमच्या भावाने तर कधीच होकार दिलाय. मला न विचारता, दादा? घर दोघांचं आहे आणि माझा नकार आहे. त्यांना तोंडावर सांगितलं, तुला हे लिहून कळवतेय. त्या जुन्या माणसांनीही आपल्या कुणासाठी तरीच दगड उभे केले असतील ना? मग आपलंच माणूस का पुसायचं? सोमवारी यंत्र येणार आहे. मी दगडाला पाठ लावून उभी असेन, टाचा टेकवून, मान ताठ, आई उभं करायची तशी. काल माझी नवी रेघ मारून पाहिली. दोन बोटं खाली आलेय. तरी तुझ्यापेक्षा उंचच भरेन, येऊन बघ.

तुझीच,
उंटीण